तातयच्या फोनवर पहिला नंबर

सकाळी नऊ वाजता बॅरी हॉस्किन नवव्या नंबरावर होता, सव्वानऊला एकतिसाव्या, आणि साडेनऊला पहिल्या शंभरात कुठेच नव्हता. खुद्द बॅरी हॉस्किन मात्र जागचा हलला नव्हता. तो ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावात कुणाच्या तरी सिंकखाली उताणा पडून पाइप पिळत होता. हलत होते ते आकडे, आणि ते बघता बघता फिलिपिन्समधल्या तायाबास गावात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या लिवायवायचा लसणीचा भात गार होत होता.

बॅरी हा प्लंबर. बॅलरॅटमधल्या एखाद्याची मोरी तुंबली की तो माणूस फोनवर ‘तुंबलेली मोरी, बॅलरॅट’ असं काहीतरी शोधणार, आणि शोधल्यावर बॅरीची वेबसाइट वरती दिसायला हवी, एवढ्यासाठी त्याने लिवायवायला नेमलं होतं. गेले आठ महिने ती त्या वेबसाइटची डागडुजी करत होती. मजकूर लिहायचा, फोटो बदलायचे, बॅरीच्या जुन्या गिऱ्हाइकांना गोड बोलून चार बऱ्या ओळी लिहून घ्यायच्या. बॅलरॅट तिने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण तिथल्या कुठल्या आळीतल्या पाइपात झाडांची मुळं शिरतात, हे तिला स्वतःच्या गावापेक्षा जास्त ठाऊक झालं होतं.

आता बॅरीने लिहिलं होतं : ‘लिव्ह, आपला नंबर मोजणारं एखादं चांगलं टूल निवड. फुकट वापरायची मुदत आहे तोवर तपासून बघ. शुक्रवारी बोलू. आपण पहिल्या पानावर असलो तर पुढचे सहा महिने पक्के. नसलो तर, मुली, मला हा खर्च झेपायचा नाही.’

बॅरीचं काम सुटलं तर पुढे काय, तेही ठरलेलं होतं. शेजारच्या लुसेना शहरातली एजन्सी तिला दुबईच्या एका हॉटेलात स्वागतिकेची नोकरी द्यायला तयार होती. लिवायवायची आई हाँगकाँगला दुसऱ्यांची मुलं वाढवायला गेली तेव्हा लिवायवाय शाळेत होती. ती मुलं मोठी झाली, त्यांच्यानंतरची दुसरी आली, आई तिथेच. घरात उरले दोघं, बाप आणि लेक. दुबईचं नाव पहिल्यांदा निघालं तेव्हा बाप उठला. बाहेर गेला आणि आदल्याच दिवशी धुतलेली ट्रायसिकल, म्हणजे त्याची तीनचाकी भाड्याची गाडी, त्याने परत धुतली.

बापाचं नाव कॉन्रादो. गाव त्याला कुया दादो म्हणायचं, कुया म्हणजे थोरला भाऊ, आणि लेक तातय, म्हणजे बाबा, म्हणायची. तो देवळासमोरच्या, म्हणजे मोठ्या चर्चसमोरच्या, स्टँडवर ट्रायसिकल लावायचा. लेकीचा धंदा त्याने त्याच्या पद्धतीने समजून घेतला होता. “सोपं आहे,” तो स्टँडवर सांगायचा, “रांगेत जो पहिला, पॅसेंजर त्याचा. बाकीचे शेंगा खातात. माझी पोरगी त्या बॅरीची गाडी पुढे ढकलते.” ह्याहून चांगली व्याख्या लिवायवायलाही कधी जमली नव्हती.

“काय गं, भात का टाकलास?” तातयने विचारलं.

“तीन टुलं आहेत, तातय. तिघांची तीन उत्तरं.”

“मग मधलं घे.”

“कपडे घ्यायला गेलोय का आपण?”

पण घोळ कसला होता, ते तिला एव्हाना कळलं होतं. महागडं टूल बॅरीच्या दारात उभं राहून शोधत होतं. दारात उभं राहून शोधलं तर बॅरी नववा, म्हणजे पहिल्या पानावर. मधलं टूल अख्ख्या बॅलरॅट गावातून शोधत होतं. तिथे बॅरी एकतिसावा. फुकटातलं सगळ्या ऑस्ट्रेलियातून शोधत होतं आणि तिथे बॅरीला कुणी ओळखतच नव्हतं. तिघंही खरं बोलत होते. फक्त एकाचं खरं तिला घरी ठेवणार होतं आणि दुसऱ्याचं दुबईला धाडणार होतं. बॅरीला त्यातलं काही कळलं नसतं. महागडं टूल दाखवायचं, त्याच्या रंगीत आलेखांवर बोट ठेवायचं, की सहा महिने खिशात. लिवायवायने ते टूल उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“शुक्रवारी नंबर चांगला निघाला,” तातयने तिच्याकडे न बघता विचारलं, “तर राहशील ना इथे?”

“पहिल्या पानावर निघाला तर राहीन.”

तातयने शर्टाच्या खिशातून आपला तडा गेलेला फोन काढला, त्यात काहीतरी टाइप केलं, बघितलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की लिवायवायला वाटलं, आईचा मेसेज आला असेल. तो फोन खिशात घालून शीळ घालत निघून गेला. पोरगी स्वतःच्या तोंडाने सांगणार नाही, हे त्याला माहीत होतं. आईवर गेली होती. दहावीला वर्गात पहिली आली तेव्हाही घरी येऊन आधी भांडी घासली होती.

त्याच्या फोनवर बॅरी हॉस्किन पहिला होता.

बुधवारी लिवायवाय एजन्सीने सांगितलेली वैद्यकीय तपासणी करून घ्यायला लुसेनाला गेली. तातयला तिने ‘केबलचं काम आहे’ म्हणून सांगितलं. संध्याकाळी जीपने परत येताना चौकात शेजारची बाई म्हणाली, “अय्या, ही तूच ना गं?” आणि लिवायवायने मान वर केली.

चौकात, विजेच्या दोन खांबांच्या मध्ये, तिचा फ्लेक्स लागला होता.

तायाबासमध्ये पोरगं परीक्षा पास झालं, नर्स झालं, बोटीवर लागलं, की घरावर फ्लेक्स लागतो. त्यात नवल नव्हतं. पण तो घराच्या गेटाएवढा असतो. हा एखाद्या घराएवढा होता. डावीकडे पदवीचा झगा घातलेली लिवायवाय. मधोमध, हातात पाना धरून हसणारा, टकलावर ऊन चमकणारा बॅरी हॉस्किन. हा फोटो वेबसाइटवरून उचललेला. आणि उजवीकडे, त्या दोघांना एकत्र केलं तरी मोठे दिसतील असे, वस्तीचे पुढारी कपितान व्हेनान्सियो, हात जोडलेले. खाली अक्षरं : ‘आमच्या वस्तीची कन्या! आंतरराष्ट्रीय क्रमांक १!’

“तातय!” ती धावतच घरात शिरली. “हे काय केलंत?”

“मी ‘बॅलरॅटमध्ये पहिली’ एवढंच सांगितलं होतं,” तातय जरा ओशाळून म्हणाला. “छापणारा म्हणाला, बॅलरॅट कुणाला माहीत? ऑस्ट्रेलिया टाकू. मग कपितान म्हणाले, पैसे मी देतो, पण ऑस्ट्रेलियाने मतं मिळत नाहीत, आंतरराष्ट्रीय टाका. माझा कमीच होता गं आकडा. तो वाढत गेला.”

“पण पहिला नंबर कुणी सांगितला तुम्हाला?”

“सांगायला कशाला हवं? बघितला मी,” तातय अभिमानाने म्हणाला. “बरं, उद्या जेवण आहे. डुक्कर सांगितलंय.”

लिवायवाय खाली बसली. फ्लेक्स उतरवता येतो. सांगितलेलं डुक्कर परत करता येत नाही, ते आत्तापर्यंत मसाल्यात असणार. शिवाय तातय इतका खूश होता, की त्याला एकतीस हा आकडा सांगायला जी हिंमत लागते ती शुक्रवारसाठी राखून ठेवलेली बरी, असा हिशेब तिने केला. तो हिशेब दुसऱ्याच दिवशी अंगाशी आला.

गुरुवारी दुपारी अंगणात अख्खी वस्ती जमली. केळीच्या पानांवर शेवया, मध्ये अख्खं भाजलेलं डुक्कर, कडेला नारळाच्या दारूची बाटली आणि सगळ्यांत मिळून फिरणारा एकच पेला. कपितान व्हेनान्सियो भाषणाला उभे राहिले. “आज जगात कुणाचीही मोरी तुंबली,” ते म्हणाले, “तरी तो मनुष्य आधी आपल्या वस्तीकडे बघतो!” टाळ्या पडल्या. “आपणही ह्या पाहुण्याला पाठिंबा द्यायला हवा. काढा फोन!”

आणि वस्तीने फोन काढले.

“कपितान, नको!” लिवायवाय ओरडली, पण कुणीतरी गाण्याचं मशीन लावलं होतं आणि त्यात तिचा आवाज बुडाला. म्हाताऱ्या चष्मे कपाळावरून डोळ्यांवर घेऊन ‘बॅलरॅट’ची अक्षरं एकमेकींना विचारत होत्या. ज्यांना बॅरी सापडला नाही त्यांच्या फोनवर तातय स्वतः जाऊन पत्ता घालून देत होता. वेबसाइटवर लिवायवायनेच मोठ्या हौसेने एक पेटी ठेवलेली होती : ‘तुमची अडचण लिहा, बॅरी लगेच फोन करेल.’ वस्तीने अडचणी लिहायला सुरुवात केली.

लिवायवाय मागच्या दारी आली तर तिथे तिया बिनिंग ताटं विसळत होती. तिया म्हणजे आत्या; तिया बिनिंग ही तातयची चुलतबहीण. स्टँडवर शेवयांची गाडी चालवायची आणि तोंड त्याहून जोरात.

“रडतेयस की काय? हसायच्या दिवशी?”

“तिया, तो पहिला नाहीये. एकतिसावा आहे. तातयच्या फोनवर कसा पहिला दिसतो, देव जाणे.”

“देव कशाला, मी जाणते,” तिया बिनिंग म्हणाली. “रोज बघतो ना तो. सुरुवातीला तर तुझा टकल्या सहाव्या पानावर असायचा. हा आपला अंगठ्याने सरकवतोय, सरकवतोय. मी म्हणायची, अरे दादो, लुसेनापर्यंत गेलास का? रांगेत दादोचा नंबर यायचा, पॅसेंजर यायचा, हा म्हणायचा थांबा, अजून सापडला नाही. मागच्याने पॅसेंजर पळवलेत त्याचे, किती वेळा! सापडला की उघडणार, खालपर्यंत वाचणार. इंग्लिश कुठलं येतंय त्याला, पण वाचणार. म्हणायचा, ‘हे माझ्या लिवायने लिहिलंय.’ मग कधीतरी तो पाचव्या पानावर दिसायला लागला, मग दुसऱ्या. मागच्या महिन्यात पहिला आला, तर ह्या चिकट माणसाने सगळ्या स्टँडला माझ्याकडच्या शेवया दिल्या. फुकट नव्हे हो, रोख.”

जे तीन टुलांनी मिळून तिला सांगितलं नव्हतं ते लिवायवायच्या ध्यानात आलं. फोनलाही सवय लागते. माणूस रोज एकाच दारात जाऊन उभा राहिला, की फोन म्हणतो, कशाला ह्याला दमवायचं, आणि ते दार उचलून पुढे आणून ठेवतो. महागडं टूल बॅरीच्या दारात उभं होतं, मधलं गावात, फुकटातलं देशात. तातय उभा होता तिथे आजवर कुठलंच टूल उभं राहिलं नव्हतं.

ती डोळे पुसते आहे तोच तिचा फोन वाजला. बॅरीचा मेसेज होता : ‘लिव्ह, उद्यापर्यंत थांबायला नको. आत्ता बोल. हे तायाबास काय आहे?’

शुक्रवारचं बोलणं असं गुरुवारीच आलं. लिवायवायने लॅपटॉप उघडला. पडद्यावर बॅरी होता, आणि त्याच्या टकलावर, फ्लेक्सवर जिथे ऊन चमकत होतं बरोबर तिथे, टेंगूळ आलं होतं.

“मी सिंकखाली होतो,” बॅरी म्हणाला. “खिशातला फोन वाजला म्हणून उठलो आणि डोकं आपटलं. पुन्हा वाजला, पुन्हा आपटलं. मला वाटलं, सगळ्या गावाचे पाइप फुटले. वाचून दाखवू? ‘सर, अभिनंदन, देव तुमचं भलं करो.’ ‘सर, आमची पण मोरी तुंबलीये, तुम्ही कधी येता?’ एकाने मला नातवाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता व्हायला बोलावलंय. आणि ही कोण बिनिंग, तिला मी लग्नाचा आहे का ते हवंय.” तो थांबला. “लिव्ह, खरं सांग. मला लोकांनी सांगितलंय, काही जण खोटी माणसं लावून वेबसाइट बघायला लावतात, नंबर वाढवायला. तू लावलीस का?”

महागडं टूल दुसऱ्या खिडकीत उघडंच होतं. ‘नववा नंबर, पहिलं पान’ एवढं म्हटलं असतं तर वेळ निभावली असती. तिने ती खिडकी मिटली.

“माणसं खोटी नाहीत, मिस्टर हॉस्किन. पण नंबर आपण समजतो तसा नाही. तुमच्या दारात उभं राहिलं तर तुम्ही नववे. गावातून बघितलं तर एकतिसावे. तुमची गिऱ्हाइकं गावात राहतात, दारात नाही. म्हणून टूल घ्यायचं तर ते एकतीसवालं घ्या. आपण पहिल्या पानावर नाही.” मग एकदा सुरू झालीच आहे तर तिने सगळं सांगून टाकलं, तातयचा अंगठा, स्टँड, सहावं पान, फ्लेक्स, डुक्कर.

“फ्लेक्स म्हणजे काय?” बॅरीने विचारलं.

सांगून कळण्यासारखी ती गोष्ट नव्हती. लिवायवाय लॅपटॉप उचलून चौकात गेली. मागून अर्धी वस्ती निघाली. तातयने फ्लेक्सखाली उभं राहून कपडे झटकले आणि पडद्याला सलाम ठोकला.

बॅरी पडद्याच्या इतका जवळ सरकला की त्याचं टेंगूळच तेवढं दिसत होतं.

“तो उजवीकडचा कोण?” त्याने विचारलं.

“कपितान. तो नेहमी असतो.”

“आणि मधला मी.”

“हो. फोटो न विचारता घेतला. माफ करा.”

“तीस वर्षं ह्या गावाच्या मोऱ्या साफ करतोय मी,” बॅरी म्हणाला, “इथे माझे कुणी भिंतीवर कागद चिकटवून आभार मानले नाहीत. आणि माझा मुलगा… त्याला ही वेबसाइट दाखवली तर म्हणाला, नंतर बघतो. अजून नंतरच चाललंय.” तो टेंगुळावर हात फिरवत राहिला. “तुझा बाप रोज बघतो म्हणतेस?”

“रोज. खालपर्यंत.”

“त्याला विचार, त्या पाइपातल्या मुळांवरचा मजकूर आवडला का. मला तो जरा लांब वाटला होता.”

लिवायवायने विचारलं. तातयने गंभीरपणे विचार केला. “त्याला म्हणावं, लांब आहे,” तो म्हणाला, “पण पॅसेंजर येईपर्यंत पुरतो.”

बॅरी इतका हसला की टेंगूळ दुखलं. “सहा महिने,” तो म्हणाला. “एकतीसवालं टूल घे. आणि दर महिन्याच्या अहवालात एक रकाना वाढव : दादोच्या फोनवर कितवा. महिनाअखेरीला मला एखादा तरी चांगला आकडा बघायला हवा.”

दुसऱ्या दिवशी एकतीसवाल्या टुलात बॅरी तिसावा होता. एका पायरीला एक डुक्कर, असा भाव लिवायवायने मनातल्या मनात काढला आणि परवडणार नाही म्हणून सोडून दिला.

एजन्सीचा फोन आला तेव्हा तिने नाही म्हणून सांगितलं. तातय तिथेच दाराआड ट्रायसिकलचा आरसा पुसत होता. केबलचं काम लुसेनाला नसतं, हे त्याला बुधवारीच ठाऊक होतं असं त्याच्या पुसण्यावरून दिसलं.

“एकतीस म्हणजे किती मागे गं?” त्याने आरशातूनच विचारलं.

“तिसऱ्या-चौथ्या पानावर, तातय.”

“मग माझा फोन खोटं बोलला माझ्याशी?”

“खोटं नाही. लाड केले तुमचे.”

तातयने ते नीट तोलून बघितलं. “फ्लेक्स काढायला हवा म्हणजे.”

“कपितान काढू देतील?”

“नाही. निवडणूक आहे.” त्याने फडकं पिळलं. “राहू दे मग तो. सहा महिने आहेत ना? तेवढ्यात खरा कर.”

पुढच्याच आठवड्यात हाँगकाँगहून आईने पाठवलेलं मोठं खोकं आलं. साबण, डबाबंद मांस, टॉवेल, आणि टॉवेलात गुंडाळलेला तातयसाठी नवाकोरा फोन; जुन्याचा तडा तिला व्हिडिओवर रोज दिसायचा. तातय तो घेऊन स्टँडवर गेला. दुपारी लिवायवाय त्याचा डबा द्यायला गेली तेव्हा रांग पुढे सरकली होती, मागचे दोघं त्याला ओलांडून गेले होते, आणि एक बाई भाजीची पिशवी घेऊन त्याच्या गाडीशी ताटकळत उभी होती.

“बाई, मागच्या गाडीत बसा,” तातय मान वर न करता म्हणाला. त्याचा अंगठा काचेवरून खाली, खाली चालला होता.

“काय झालं, तातय? दिसत नाही का?”

“चौथं पान झालं, अजून पत्ता नाही,” तो म्हणाला. आवाजात तक्रार अजिबात नव्हती. “नवीन आहे बिचारा. त्याला अजून आपली ओळख नाही. शिकवतो त्याला.”